देयधम : लेण्यांतल्या देणगीदारांपासून आपल्या वस्तीपर्यंत



विहाराच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं मंडळाच्या पोरांनी सांगितलं तेव्हा माझी नजर पहिल्यांदा गेली ती भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाटीकडं. कुणाचे पाचशे एक, कुणाचे एकशे एक, कुणाची सिमेंटची पोती. पाटी वाचता वाचता मनात आलं की, आपल्याकडं ही अशी नावं कोरायची चाल कधीपासूनची असेल? शोध घेतला तर उत्तर थेट दोन हजार वर्षांमागं गेलं, आणि तेही लांब कुठं नाही, आपल्या मराठवाड्यातच सापडलं.

कन्नड तालुक्यात पितळखोरा म्हणून लेणी आहेत. अजिंठा-वेरूळएवढी गर्दी तिथं नसते. दरीत उतरून जावं लागतं. या लेण्यांची सुरुवात इसवी सनापूर्वीची. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यातला एक आहे पैठणचा मित्रदेव. तो राजा नव्हता, सरदारही नव्हता. तो होता गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा दुकानदार. गोदाकाठच्या बाजारात बसणारा माणूस. त्याच लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरच्यांची नावं आहेत, आणि वैद्याच्या मुलीनं, दत्तानं, स्वतःच्या नावानं दान दिल्याची नोंद आहे. बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाआड ती लपलेली नाही. आपल्या पाटीवर किती बायांची नावं आहेत, हे ज्यानं त्यानं मोजून पाहावं.

अशी नावं महाराष्ट्रभर आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यात कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनारानं पाण्याची टाकी दिली. त्या काळच्या भाषेत तिला ‘पोढी’ म्हणत. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहारानं तिथं एक वाट करून दिली. वाट! डोंगरावर चढणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यात कराडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान आहे, आणि तिथंच फुलं पिकवणाऱ्या माळ्याचंही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराचं काम धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुतारानं केल्याचं कोरलेलं आहे.

या लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘देयधम’. देण्याजोगी वस्तू, धम्म म्हणून दिलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. ज्याच्याजवळ जे होतं ते त्यानं दिलं. सोनारानं पाणी दिलं, लोहारानं वाट दिली. आपण बीड जिल्ह्यातली माणसं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत रांगेत कळशा ठेवून बसलेलो आहोत. डोंगरावर एक टाकी खोदून देणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता जरा हिशेबाकडं वळतो. हिशेबाचा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून थोडा वेळ घेतो.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, तिथं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. हा मात्र राजघराण्यातला माणूस. त्यानं भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापण दिले. कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं. पण पैसे त्यानं संघाच्या हातात ठेवले नाहीत. विणकरांच्या दोन श्रेणींत, म्हणजे कारागिरांच्या संघटनांत, कायमचे ठेवले. दोन हजार एका श्रेणीत, शेकडा दरमहा एक या व्याजानं. हजार दुसऱ्या श्रेणीत, शेकडा पाऊण या दरानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. याला म्हणतात ‘अक्षयनीवी’, न संपणारं भांडवल. आता पोरांना पाटीवर गणित करायला सांगा. दोन हजाराचं दरमहा वीस, वर्षाचं दोनशे चाळीस. लेखात लिहिलं आहे की, लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते! आणि हा सगळा व्यवहार गावच्या निगमसभेत मोठ्यानं वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला, असंही कोरून ठेवलं आहे.

त्याच डोंगरात पुढं तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातल्या उपासिकेनं अशीच ठेव ठेवली. तिनं ती कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे आणि तेली अशा कष्टकऱ्यांच्या श्रेणींत विभागून ठेवली. व्याज कशासाठी? संघातल्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. सोहळ्यासाठी नाही, कमानीसाठी नाही. औषधासाठी.

हे वाचलं आणि मला आपल्याकडच्या एका मंडळाची गोष्ट आठवली. गावाचं नाव सांगत नाही. जयंतीची वर्गणी चांगली जमली, स्पीकर लागले, रात्र दणाणली. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत एका लेकराला ताप चढला तर बीडला न्यायला गाडीभाड्याचे पैसे घरोघर फिरून मागावे लागले. मीही त्या मंडळाच्या बैठकीत होतो आणि स्पीकरच्या ठरावाला मीही हात वर केला होता. म्हणून दुसऱ्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

आजाऱ्याची सेवा हा तर आपल्याकडचा फार जुना धडा. विनयपिटकात गोष्ट आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याच्याकडं पाहत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला सांगितलं की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. सावित्रीबाई फुले यांनी तेच केलं. 1897 साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी लेकरू त्यांनी स्वतः उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात धम्मकार्यासाठी प्रत्येकानं आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा द्यावा, असं त्यांनी सांगितलं. दीक्षेचं आपल्याला पाठ असतं, विसाव्या हिश्श्याचं विसरायला होतं. शंभर रुपयांत पाच. आमच्या आईला आकडे कळत नव्हते, तिला मी ते असं सांगितलं होतं की, वीस भाकरी थापल्यावर एक बाजूला काढायची. ती म्हणाली, “मग ते तर आपण करतोच की.”

आणि खरंच करत होती. त्या पिढीतल्या बायांनी दान हा शब्दही कधी उच्चारला नाही. माता रमाईंची धारवाडची गोष्ट वराळे कुटुंबाच्या आठवणींतून पुढं आली आहे. बाबासाहेबांनी काढलेल्या तिथल्या वसतिगृहाचं काम बळवंतराव वराळे पाहत. रमाई तिथं हवापालटासाठी गेल्या होत्या. एरवी अंगणात खेळणारी पोरं दिसेनात, म्हणून त्यांनी विचारलं. धान्याचं अनुदान यायला उशीर झाल्यानं पोरं उपाशी आहेत, हे कळल्यावर त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनीही दागिने मोडले, आणि रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात घरोघरच्या बायांनी दळायच्या धान्यातून रोज एकेक मूठ काढून ठेवली. सोनं असलेलीनं सोनं दिलं, ज्वारी असलेलीनं ज्वारी.

आपल्या मराठवाड्यात शिक्षणाचं दार उघडलं ते 1950 साली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. खेड्यातली पोरं नागसेनवनात राहून शिकली. त्या काळी आणि पुढंही कितीतरी वर्षं शहरात शिकणाऱ्या पोरांचा डबा एस.टी.नं जायचा. आई पहाटे उठून भाकरी बांधायची, बाप फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा राहायचा, कंडक्टर डबा टपावर किंवा सीटखाली ठेवायचा. मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांच्या आणि साहेबांच्या शिक्षणात त्या कंडक्टरचा वाटा आहे. त्याचं नाव कुठल्या लेण्यात कोरलेलं नाही.

1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून वस्तीत आहेत. त्यांना विचारा, सुकडीतली अर्धी वाटी शेजारच्या लेकराला कोण द्यायचं. त्या गोष्टी ऐकून कुणीतरी लिहून घ्यायला हव्यात.

आता आजचं. आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कोयती कारखान्याकडं निघतात आणि बालाघाटाच्या या पट्ट्यात घरोघर म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं मागं राहतात. सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली, पण म्हातारीच्या बीपीची गोळी संपली हे वसतिगृहाला कुठून कळणार? ते शेजाऱ्यालाच कळतं. या पाच-सहा महिन्यांत विहार संध्याकाळी दोन तास उघडा राहिला, एखाद्या दहावी झालेल्या पोरीनं लहानग्यांचा अभ्यास घेतला, तालुक्याला रोज जाणाऱ्या कुणी दोन-चार घरांची औषधाची चिठ्ठी खिशात नेली, एवढं जरी झालं तरी बरंच भागतं. चैत्यभूमीवर अलीकडच्या वर्षांत हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ द्यायची चळवळ रुजली आहे. जयंतीच्या दिवशी आपल्याकडंही ती सहज होण्यासारखी आहे.

पैशाचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून काही रक्कम विष्णुदत्तेसारखी बाजूला ठेवावी, पोस्टात किंवा बँकेत. मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही. व्याज फक्त औषधाला आणि गाडीभाड्याला. व्याज थोडंच येईल, हे मलाही कळतं. पण गाडीभाड्यासाठी कुणाला घरोघर फिरावं लागणार नाही. आणि हिशेब उषवदातासारखा वंदनेनंतर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावा, म्हणजे ओट्यावर बसून कुजबुज करायला कुणाला जागा राहणार नाही.

त्या हिशेबाची वही घ्याल तेव्हा पहिली दोन पानं कोरी सोडा. विहार बांधताना ज्या बायांनी डोक्यावरून पाणी आणि वाळू वाहिली, त्यांच्यापैकी एकीचंही नाव भिंतीवरच्या पाटीवर नाही, कारण त्यांनी पावती फाडली नव्हती. त्यातल्या ज्या अजून आहेत त्यांच्याकडं जाऊन बसा. बरोबर कोण कोण होतं, ते त्यांना विचारा आणि त्या कोऱ्या पानांवर लिहा. पितळखोऱ्यातल्या दत्ताचं नाव जसं लिहिलं आहे तसं, प्रत्येकीचं स्वतःचं.