नाणेयंत्राचा व्यवसाय आणि नाण्याची पारख

महाराष्ट्रांतील अनेक गांवीं, आमच्या कोल्हापूरच्या बाजूसही, शुद्ध पाण्याचें यंत्र बसविलेलें आढळतें. फटींत पांच रुपयांचें नाणें टाकावें, तोटीखालीं घागर धरावी, कीं ठराविक पाणी पडून धार आपोआप थांबते. विक्रेत्यावांचून चालणारा हा व्यवसाय नवा समजला जातो. वस्तुतः कल्पना फार जुनी आहे. मग व्यवसाय इतक्या उशिरां कां उभा राहिला, व उभा राहिल्यावर वारंवार कां अडखळला? याचें उत्तर यंत्राच्या इतिहासापेक्षां नाण्याच्या इतिहासांत अधिक सांपडतें, असें आमचें मत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेरॉन यानें आपल्या वायुयंत्रविषयक ग्रंथांत देवालयांतील तीर्थोदकाच्या पात्राचें वर्णन केलें आहे. पांच द्राख्मांचें नाणें फटींतून तरफेच्या टोकावरील तबकडीवर पडे. त्याच्या भारानें झडप उघडून पाणी वाहूं लागे. तबकडी कलून नाणें घसरलें कीं झडप मिटे. युक्ति उत्तम; पण या यंत्रास फक्त भार कळे, धातु कळत नसे. तितक्याच वजनाचा शिशाचा तुकडाही त्यास चालला असता. पुढें १८२२ सालीं लंडनचा पुस्तकविक्रेता रिचर्ड कार्लाइल याच्या दुकानांत, सरकारचा रोष असलेले ग्रंथ यंत्रांतून विकण्याचा प्रयोग झाला. विकणारा कोण हें साक्षीदारास सांगतां येऊं नये, हा त्यांतील हेतु. खरा व्यापार मात्र १८८० नंतरच्या दशकांत, पर्सिव्हल एव्हरिट याच्या पोस्टकार्डें विकणाऱ्या यंत्रांपासून सुरू झाला.

आपल्याकडे नाण्याची पारख हें स्वतंत्र शास्त्रच होतें. कौटिलीय अर्थशास्त्रांत नाणीं पाडणारा लक्षणाध्यक्ष व नाणीं पारखणारा रूपदर्शक हे दोन निरनिराळे अधिकारी सांगितले आहेत. मराठी राज्यांत तें काम पोतदार व सराफ करीत. चांदवडी, अंकुशी, करवीर राज्याचा शंभू पिरखानी असे नाना रुपये एकाच बाजारांत फिरत. प्रत्येकाचा कस निराळा, प्रत्येकावर बट्टा निराळा. सराफ नाणें दगडावर वाजवी, बोटांनीं चांचपी, कसोटीवर घांशी आणि मग मोल सांगे. हें काम कोणत्या तरफेकडून होणार? १८३५ च्या १७ व्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या मुलखांत १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला. संस्थानी नाणीं त्यानंतरही कांहीं काळ चाललीं. परंतु यंत्रास ओळखतां येईल असें नाणें त्या कायद्यापासून देशांत रुळूं लागलें. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. एकजिनसी नाणें, माणसांची वर्दळ व गाडीची वाट पाहण्याचा रिकामा वेळ, या तीन गोष्टी जेथें एकत्र येतात तें स्थळ म्हणजे रेल्वेचें स्थानक.

म्हणूनच या व्यवसायाचें सर्वांच्या परिचयाचें रूप स्थानकांवरील वजनयंत्र हें होय. नाणें टाकलें कीं जाड कागदाचें लहान तिकीट बाहेर येई; एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य किंवा नटनटींचें चित्र. जागेचें भाडें, दुरुस्ती व नाण्यांची वेळेवर उचल एवढाच यांतील खर्च. पण प्राप्ति दहा-दहा पैशांची. येथें नाण्यानें दगा दिला. १९५७ सालचें दहा नव्या पैशांचें नाणें ५ ग्रॅम वजनाचें व २३ मिलिमीटर रुंदीचें होतें. १९७१ पासून तें ॲल्युमिनियमचें, २.३ ग्रॅमचें व २६ मिलिमीटरचें झालें. १९८८ मध्यें २ ग्रॅमचें व अवघें १६ मिलिमीटरचें. रुपयाही तसाच घटला: १९६२ सालीं १० ग्रॅम, १९७५ सालीं ८, १९८३ सालीं ६, १९९२ सालीं ४.८५, २०११ सालीं ३.७९. धातु महागली म्हणजे नाणें हलकें करणें टांकसाळीस भागच असतें. परंतु त्या प्रत्येक वेळीं यंत्रवाल्यास फट व तोल पुन्हां बसवून घ्यावा लागतो. ३० जून २०११ पासून तर पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं चलनांतूनच गेलीं.

लोक खोटीं नाणीं टाकतात म्हणून हा धंदा बुडतो, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. तो दोष नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खरें नाणें परत फेंकणारें यंत्र खोटें नाणें गिळणाऱ्या यंत्राइतकेंच मालकास बुडवितें. पांच रुपयांचींच नाणीं पाहा: १९९२ चें ९ ग्रॅमचें व २००७ चें ६ ग्रॅमचें, दोन्हींची रुंदी २३ मिलिमीटरच. केवळ भार पाहणारें यंत्र यांपैकीं एकास खोटें ठरवील.

२०१६ पासून यूपीआयची सोय झाली व फटीची जागा चौकोनी संकेतचित्रानें घेण्यास प्रारंभ झाला. आतां पारख बँक करते. रूपदर्शक यंत्राबाहेर गेला. व्यापाऱ्यास हें सोयीचें आहे, यांत शंका नाहीं. परंतु घागर घेऊन येणाऱ्या म्हातारीजवळ फोन असेलच असें नाहीं, आणि पाणी कांहीं चैनीची वस्तु नव्हे. यास्तव हा व्यवसाय आरंभिणाऱ्यानें यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं आपल्या गिऱ्हाइकाच्या हातीं कोणतें नाणें आहे तें पाहावें, व पाण्याच्या यंत्राची फट तरी बुजवूं नये, अशी आमची सूचना आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं वजनाचीं जुनीं तिकिटें असतील तर तीं रद्दींत न देतां जपून ठेवावीं. दहा पैशांस मिळालेलें तें भविष्य खरें ठरलें असो वा नसो, तिकीट मात्र अस्सल साधन आहे.