धाब्याचे घर

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून उत्तरेकडे निघाले की सोनगीर लागते. गावाला किल्ला आहे, तांब्या-पितळेच्या भांड्यांचा लौकिक आहे. किल्ल्याबद्दल पुस्तकांत वाचायला मिळते. पायथ्याच्या शेतकऱ्याच्या घराचा इतिहास मात्र घरातच वाचावा लागतो.

खानदेशातले जुने घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे. जाड मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, मग काटक्या, पाला आणि वर मातीचा जाड थर. सर्वांत वर खारी माती. कोकणच्या पावसात असे छप्पर टिकणार नाही. धुळ्याकडे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मि.मी. पाऊस पडतो, म्हणून ते चालते.

खारीच माती का? तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण ओले होताच फुगतात, सुटे होतात आणि छिद्रे बुजवतात. पाणी आत न झिरपता पन्हाळीकडे वाहते. शेत नापीक करणारा गुण इथे घर कोरडे ठेवतो.

घराचा आकार खणांत सांगत. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. ते लाकडाच्या लांबीवर ठरे. इंग्लंडमधली लाकडी चौकटीची जुनी शेतघरेही अशीच खणांनी मोजतात. तिथल्या डेव्हन परगण्यात तर भिंतीही मातीच्या. पण पाऊस बारमाही, म्हणून छप्पर उतरते आणि शाकारलेले. भिंत एक, छप्पर वेगळे. हा फरक हवामानाने केला.

धाब्याला एक धोकाही आहे. गळती थांबवायला जुन्या मातीवर नवी माती पडत जाते. घनमीटरला १६०० किलो धरले, तर ३० सें.मी. थराचे वजन चौरस मीटरला ४८० किलो होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातल्या अशाच माळवदांखाली हजारो माणसे दगावली. दगड-मातीच्या भिंती ढासळल्या. जिथे छपराचा भार भिंतींऐवजी भक्कम लाकडी खांबांवर होता, तिथे ते अनेकदा तगले. म्हणजे जीव वाचवण्याचे शहाणपणही त्याच जुन्या बांधणीत होते.

आज धाबी उतरवून स्लॅब पडत आहेत. आपल्या गावात एखादे धाबे उरले असेल, तर विद्यार्थ्यांना तिथे नेऊ या. खण मोजू, थराची जाडी घेऊन वजन काढू, भार भिंतीवर आहे की खांबांवर ते पाहू आणि खारी कुठून आणत, हे घरातल्या आजीला विचारून वहीत लिहून ठेवू.