शाळूच्या पानात उतरताना

पहिला मुक्काम पूर्व सुदानमध्ये, कस्सलाजवळच्या बुताना या गवताळ मुलखात. पाच हजारांहून अधिक वर्षं मागे आला आहात तुम्ही. समोर एक बाई मडकं घडवते आहे, मातीत धान्याचा भुसा मळून. तिच्या मागच्या रानात जा आणि एका कणसाला बोट लावा. दाणे झरझर गळतात. शेजारच्या कणसाला लावा. दाणे घट्ट धरून बसलेत. एक रानटी, दुसरं माणसाळू लागलेलं; दोन्हींचा भुसा तिच्या मातीत आहे. त्या खापरांतले तुसांचे ठसे तपासूनच, ज्वारी इथे माणसाळत होती हे 2017 साली अभ्यासकांनी मांडलं. आता पायाखाली बघा. पाऊस थोडे दिवस येतो आणि निघून जातो. ज्या ताटाला तहान सोसत नाही, त्याचं बी पुढच्या साली उरत नाही.

आता 1877, सोलापूर जिल्हा. आदल्या वर्षीच्या पावसाने दगा दिलाय, काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा आहेत. एका घरात आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली दिसतात. पोरं उपाशी आहेत, तरी त्या कणसांना कुणी हात लावत नाही. इथे तुम्हाला फार थांबवत नाही, पाहवणार नाही. पण ती कणसं नीट बघून घ्या. करपलेल्या शेतातही ज्यांनी दाणा धरला, तीच ती. पुढच्या पिढीत कोणते जनुक जातील, ते त्या घरातल्या माणसांनी ठरवलंय. त्यांची नावं कुठल्याही नोंदवहीत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

1930च्या दशकात मोहोळला पोहोचलात की शेतकऱ्यांच्या मालदांडी ज्वारीतून निवडत निवडत एक वाण वेगळा काढला जाताना दिसेल: एम 35-1. तो आजही रब्बीत पेरला जातो.

आणि हे आजचं मंगळवेढं. फेब्रुवारीची दुपार, शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं रान. पेरणी झाली तेव्हाची ओल जमिनीत खोल गेलीय, वरून थेंब नाही. आता लहान व्हा, पर्णरंध्रातून पानात शिरा. दाराशी डंबेलच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी आहेत. तहानलेल्या पेशींत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक साठू लागलंय. ते ग्राहक प्रथिनाला चिकटतं आणि ते ग्राहक एका विकराला पकडून निष्प्रभ करतं. या विकराने दाबून ठेवलेली किनेजं मोकळी होतात. रक्षक पेशींतले क्षार बाहेर पडतात, पाठोपाठ पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि तुमच्या मागे दार मिटतं.

पाणी वाचलं. पण आता गरम होतंय ना? बाष्प बाहेर पडत होतं म्हणून पान थंड होतं. दुष्काळावरचा उपाय असा उष्णतेचं संकट वाढवतो. म्हणून ही दोन संकटं एकदम येतात तेव्हा पिकाचे हाल नुसत्या बेरजेहून जास्त होतात. तुमच्या भोवतीची प्रथिनं उकडत्या अंड्यासारखी आकार सोडू लागलीत. एरवी उष्माघात घटकाला धरून बसणारी सहायक प्रथिनं त्याला सोडून त्यांच्या मदतीला धावतात. मोकळा झालेला घटक केंद्रकात जातो, असे तीन घटक एकत्र येऊन डीएनएवर बसतात, आणि काही मिनिटांतच आणखी सहायक प्रथिनं घडवण्याचा हुकूम सुटतो. शेजारी ड्रेब नावाचे घटक दुसरे जनुक जागे करताहेत. पेशी सुकताना तिची मोडतोड थांबवणारी प्रथिनं त्यांतून तयार होतात.

बाहेर या. खालची पानं वाळलीत. काही ज्वारींत मात्र अशा वेळीही वरची पानं हिरवी राहतात. हा गुण इथिओपियाच्या एका देशी ज्वारीतून आलेल्या बी 35 या वाणात ठळक आहे आणि त्यामागे गुणसूत्रांवरचे चार पट्टे सापडले, एसटीजी 1 ते 4. त्यांची करामत बरीच आधी सुरू होते. फुटवे कमी, वरची पानं लहान, म्हणून फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्च होतं आणि दाणा भरताना मुळाशी ओल शिल्लक राहते. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत हे पट्टे संकराने दुसऱ्या वाणांत उतरवण्याचं काम झालं. 2009 साली ज्वारीचा सगळा जनुकसंच वाचून झाल्यावर शोध सोपा झाला, पण ‘दुष्काळाचा जनुक’ असा एक काही सापडला नाही. सापडणारही नाही, असं मला वाटतं. शेकडो जनुकांचा मेळ वेळेवर बसावा लागतो.

एक दुबळी जागा अजून उघडी आहे. फुलोऱ्यात पारा चाळिशीजवळ गेला तर परागकण निकामी होतात आणि कणसात दाणे भरत नाहीत. शाळू थंडीत फुलतो म्हणून यातून वाचतो. जिथे ज्वारी उन्हात फुलते, तिथे असा बचाव नाही. त्यासाठी लागणारे गुण जुन्या देशी वाणांतच शोधावे लागतील. शाळूचं रान घटत असताना ते वाण शेतात राहावेत, नुसते शीतगृहातल्या पाकिटांत नकोत, कारण बदलत्या उन्हाची नवी निवड फक्त शेतातच होते.