स्प्रिंग बदलली, शॉकअप तोच : गाडी ‘लो’ करण्यामागचा इतिहास

१/
जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गाच्या एका पदरावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या गुळगुळीत रस्त्यावरून मुर्तिजापूरला उत्तरेकडे वळून दर्यापूरची वाट धरली, की काही वेळातच गाडी हलकेच डोलू लागते. खड्डा कुठेच नसतो, तरीही चहाचा पेला हातात धरवत नाही. हा डोल रस्ता बांधणाऱ्याच्या हलगर्जीपणाचाच असतो असे नाही. तो पुष्कळदा मातीचा असतो.

२/
आजचा #थ्रेड या डोलाविषयी आणि एका फॅशनविषयी आहे. स्पोर्ट्स कार असो वा तिच्यासारखी दिसावी म्हणून सजवलेली साधी हॅचबॅक, तिच्या कारखान्याच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवायच्या, शॉकअप मात्र जुनेच ठेवायचे. गाडी दीड-दोन इंच खाली येते, रुबाबदार दिसते, खर्चही निम्म्यावर येतो. या अर्ध्या बदलात नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३/
प्रथम माती. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती विपुल आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कपाशीला ती मानवते, रस्त्याला मानवत नाही. भरावाखालची माती जागोजागी कमीअधिक फुगते-बसते आणि वरच्या डांबराला लांबट लाटा येतात. दहा-पंधरा मीटर लांबीच्या या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत, कमरेला कळतात.

४/
१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे मुर्तिजापूर, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. दर्यापूर भागातला कापूस त्या रुळांपर्यंत बंडीनेच जायचा. मुर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज रेल्वे, म्हणजे आपली शकुंतला, दर्यापूरच्या बनोसा स्टेशनात यायला पुढचे शतक उजाडावे लागले.

५/
त्या बंडीला स्प्रिंग नव्हती. धक्का चाकाने घ्यायचा, आसाने साटीला द्यायचा आणि साटीने माणसाला. कापसाच्या बोंद्र्याला त्याचे काही वाटत नसे. माणसांसाठी दमणी किंवा रेंगी जुंपली जाई; तिच्यात खाली कडबा आणि वर गादी. निलंबनाचे, म्हणजे सस्पेन्शनचे, सगळे शास्त्र त्या कडब्यात होते! यात विनोद कमी आणि तथ्य जास्त आहे. कडबा दबतो, पण उसळून परत फेकत नाही. हा गुण ध्यानात ठेवावा, पुढे त्याचेच काम आहे.

६/
इंग्लंडमध्ये १८०४ साली ओबादाया इलियट यांनी घोडागाडीखाली लंबगोल पोलादी पाटे बसवण्याची पद्धत काढली. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ती कमान. आपल्याकडे टांगा आला तो असेच पाटे घेऊन. पुढे जीप, ट्रक आणि एसटी यांनीही तेच स्वीकारले. आजही गॅरेजमध्ये ‘पाटा तुटला’ असे म्हटले की कोणाला अर्थ विचारावा लागत नाही.

७/
पाट्याचे एक गुपित आहे. तो वाकतो तेव्हा त्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात. त्या घर्षणात उसळीचा जोर उष्णता होऊन विरतो. म्हणजे पाटा धक्का झेलतो आणि झेललेला धक्का काही प्रमाणात जिरवतोही. दोन कामे, एकच वस्तू. घोडागाडीच्या शंभर वर्षांत वेगळ्या शॉकअपची फारशी निकड कोणाला भासली नाही, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण अर्थातच घोड्याचा वेग.

८/
मोटार आली आणि वेगाने हे समीकरण मोडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्सच्या त्रुफो यांनी दोन भुजांच्या सांध्यात घर्षणाच्या चकत्या घालून उसळी आवरणारे साधन बनवले, अमेरिकेत हार्टफर्ड यांनी ते विकले. त्यात एक खोड होती. घर्षण लहान हादऱ्याला नको तितके अडवते आणि मोठ्या उसळीला पुरेसे अडवत नाही. त्यावरचा उपाय तेलाचा होता. बारीक छिद्रातून तेल जितक्या वेगाने दाबाल तितका त्याचा विरोध वाढतो. उदाई यांचे तेलाचे शॉकअप फोर्डच्या ‘मॉडेल ए’वर १९२० च्या दशकाअखेर आले आणि मध्यमवर्गाच्या गाडीपर्यंत पोचले.

९/
येथे थोडे विषयांतर. क्लीव्हलँडचे क्लॉड फॉस्टर मुळात मोटारींचे भोंगे बनवीत, धुराड्याच्या वायूवर वाजणारे सुरेल भोंगे. देवदूत गॅब्रिएलच्या तुतारीवरून त्यांनी भोंग्याला नाव दिले. पुढे त्यांनी ‘स्नबर’ काढला. हा एका पेटीतला गुंडाळलेला पट्टा. चाक वर जाताना तो सैल पडे आणि स्प्रिंग परत उसळताना घट्ट धरून ठेवी. झेलण्याचे काम स्प्रिंगवर सोडावे, आवरण्याचे काम परतीच्या वाटेवर करावे, हे त्या भोंगेवाल्याने नेमके ओळखले होते. गॅब्रिएल हेच नाव घेऊन १९६१ मध्ये मुंबईत ‘गॅब्रिएल इंडिया’ सुरू झाली आणि आपल्या असंख्य गाड्यांखाली गेली.

१०/
आता मुख्य वळण. १९३० च्या दशकात मॉरिस ओली हे रोल्स-रॉइसमधून आलेले अभियंते अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करीत होते. त्यांनी एका गाडीवर वजने मागेपुढे सरकवता येतील अशी योजना केली, वेगवेगळ्या स्प्रिंगा लावून पाहिल्या आणि माणसे बसवून विचारले, कोणती गाडी सुखाची वाटते? उत्तर तेव्हाच्या समजुतीच्या उलट आले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. लाट आधी पुढच्या चाकांना भेटते, मागच्यांना क्षणभर उशिरा. मागची बाजू किंचित जलद डोलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी झोपाळ्यासारखी न हलता सपाट वरखाली होते.

११/
१९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र निलंबन आणि गुंडाळी स्प्रिंगा मिळाल्या. गुंडाळी स्प्रिंग मऊ, हलकी आणि सुबक. पण तिच्यात एकमेकींवर घासणाऱ्या पट्ट्या नाहीत. ती जेवढे घेते तेवढे जवळजवळ सगळे परत देते. पाट्यात एकत्र नांदणारी दोन कामे येथे कायमची विभक्त झाली : झेलणे स्प्रिंगकडे, जिरवणे शॉकअपकडे. तेव्हापासून या दोघांचे माप एकमेकांवरून काढावे लागते.

१२/
हा संधिकाल एकाच गाडीत पाहायचा असेल तर आपली फियाट पाहावी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात बनलेली फियाट ११००, पुढची पद्मिनी. पुढे गुंडाळी स्प्रिंगा, मागे पाटे. नव्या आणि जुन्या युगाचे असे सहजीवन मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने नव्या शतकापर्यंत टिकवले.

१३/
गाडी खाली आणण्याची हौस कोठून आली? एक उगम शर्यतीत आहे. गुरुत्वमध्य खाली गेला की वळणावर गाडी कमी कलते. दुसरा उगम निव्वळ देखणेपणात आहे, आणि त्याचे सर्वांत रंजक प्रकरण कॅलिफोर्नियात घडले. तेथील मेक्सिकन-अमेरिकन तरुण डिकीत वाळूची पोती ठेवून किंवा स्प्रिंगांची वेटोळी कापून गाड्या जमिनीलगत आणत. १९५८ मध्ये कायदा झाला : गाडीचा कोणताही भाग चाकांच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नसावा. १९५९ मध्ये रॉन अगीरे यांनी आपल्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारला हायड्रॉलिक पंप लावले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली! तो कायदा रद्द होण्यास २०२४ उजाडले.

१४/
वऱ्हाडाला वेगाची हौस नवी नाही. शंकरपटात धुरकऱ्याखालची छकडी जितकी हलकी तितकी बरी, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. पण पटाची धाव नीट केलेल्या सरळ मैदानावर असते. शर्यतीची मोटारही सपाट ट्रॅकवर धावते. त्या गाडीचे माप दर्यापूर–अंजनगाव रस्त्यावर आणताना रस्ता बरोबर येत नाही.

१५/
आता हिशेब. आखूड स्प्रिंग कडक असावीच लागते, नाहीतर गाडी टेकेल. समजा ती ३० टक्क्यांनी कडक आहे. मग तिचा डोल पुरता जिरवण्यासाठी शॉकअपचा विरोध सुमारे १४ टक्क्यांनी वाढायला हवा, कारण हा संबंध वर्गमुळाचा आहे. शॉकअप तोच राहिला तर गाडीचा आवर सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. आकडा छोटा वाटतो. पण हे नव्या कोऱ्या शॉकअपचे गणित झाले. ५०-६० हजार किलोमीटर चाललेला शॉकअप आधीच सैलावलेला असतो, आणि स्प्रिंगा बहुधा अशाच गाडीला बसतात.

१६/
याहून गंभीर गोष्ट उरलेल्या अंतराची. समजा कारखान्याच्या गाडीत चाकाला वर यायला ८० मिलिमीटर जागा होती आणि गाडी ४० मिलिमीटर खाली आणली. जागा निम्मी झाली. स्प्रिंग किती धक्का पोटात घेईल हे अंतराच्या वर्गावर ठरते, म्हणून निम्म्या जागेत क्षमता पाव होते. ३० टक्के जादा कडकपणा जमेस धरला तरी ती मूळच्या एक तृतीयांशाच्या आतच राहते. बाकीचा धक्का ‘बंप स्टॉप’ हा रबराचा ठोकळा घेतो. तोही दबून संपला की शॉकअपचा दांडा, त्याचा वरचा माउंट आणि शेवटी गाडीचे अंग.

१७/
इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. आपल्या गावाच्या वेशीवरचा गतिरोधक या मापात बसतो का, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे.

१८/
खड्डा आणि गतिरोधक निदान दिसतात, चालक ब्रेक मारतो. मातीची लाट दिसत नाही. साधारण मोटारीचे अंग सेकंदाला एक ते दीड वेळा डोलते. ताशी ८० वेगाने जाताना १६ मीटरच्या लाटा सेकंदाला सुमारे १.४ वेळा येतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसे होते. पहिल्या लाटेची उसळी जिरण्याआधी दुसरी येते, तिच्यावर तिसरी. हा साठत जाणारा डोल मोडणे हे शॉकअपचे काम. तो अपुरा असेल तर चाकावरचा भार क्षणाक्षणाला कमीजास्त होतो, आणि ज्या क्षणी भार कमी त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींची पकड कमी. पूर्णेच्या पुलाआधी समोरून ऊस किंवा कापूस भरलेला ट्रॅक्टर आला, तर हा क्षण कोणता असेल ते आपल्या हाती नसते.

१९/
‘पण खाली आलेली गाडी वळणावर घट्ट वाटते’ हा अनुभव खोटा नाही. कडक स्प्रिंगेने कल कमी होतो. मात्र आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, आणि त्याची भूमिती अशी, की गाडी खाली आणल्यावर अंग ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू अंगापेक्षा अधिक खाली जातो. कलवणारी तरफ लांबते. स्प्रिंगच्या कडकपणातला काही भाग हा तोटा भरून काढण्यातच खर्ची पडतो. शिवाय पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचे ओलींनी शोधलेले नाते दिसण्यापुरत्या विकलेल्या संचात पाळलेले असेलच, याची खात्री नसते.

२०/
कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल रोखते. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले.

२१/
शर्यतीच्या मैदानासाठी ज्यांना हे करायचेच आहे, त्यांनी स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उत्पादकाने एकत्र मापलेला संच घ्यावा. आखूड दांड्याचा शॉकअप, नव्या स्प्रिंगला साजेसे झडपांचे माप आणि कमी केलेला बंप स्टॉप असे तिन्ही त्यात हवे. बसवल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. जुना शॉकअप तपासायला मेकॅनिक बोनेट दाबून सोडतात, ती परीक्षा येथे पुरत नाही. तिच्याने मेलेला शॉकअप कळतो, बेमेळ जोडी कळत नाही.

२२/
टायरही एक प्रकारची स्प्रिंगच आहे, आणि वऱ्हाडात तो मोटारीइतकाच बैलाच्या बंडीखालीही गेला. ती ‘डनलॉप’ बंडीची कथा पुढच्या थ्रेडमध्ये.