पनवेलचे बेने इस्रायल: मूळ इस्रायलचं की कोकणाचं? डीएनए काय सांगतो?

पनवेल म्हटलं की हायवे, लोकल आणि नवं विमानतळ डोळ्यांसमोर येतं. पण जुन्या पनवेलमध्ये 1849 साली बांधलेलं एक सिनेगॉग, म्हणजेच ज्यू प्रार्थनास्थळ आहे. नाव बेथ एल. ते उभारणाऱ्यांची भाषा मराठी आणि आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी. हा समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात 'इस्रायलची लेकरं'.

हे लोक नेमके कुठले, हा प्रश्न त्यांना अनेकदा विचारला गेला. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

कोकणात आले कसे?

समाजाच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचेच वंशज म्हणजे हा समाज. नवगावला त्याचं स्मारकही आहे. मात्र या घटनेचा समकालीन लेखी पुरावा नाही.

पुढे ही मंडळी कोकणातल्या गावांमध्ये पसरली आणि गावाच्या नावाला 'कर' लावून आडनावं घेऊ लागली. अनेकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथला, ते घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र आलं. नवस फेडताना भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा 'मलिदा' आला. तो अर्पण होतो एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया याच्या नावाने. अलिबागची 'इस्रायल आळी' आजही त्याच नावाने ओळखली जाते.

गोरे आणि काळे

या समाजात एकेकाळी दोन गट होते: 'गोरे' आणि 'काळे'. ही नावं असली तरी भेद त्वचेच्या रंगाचा नव्हता. बिगर-ज्यू स्त्रीशी झालेल्या संबंधातून जन्मलेली मुलं आणि त्यांचे वंशज 'काळे' मानले जात. त्यांच्याशी गोरे सोयरीक करत नसत, पंगतीतही भेद पाळला जाई. विसाव्या शतकात हा भेद मागे पडला. जातीच्या समाजात राहताना जातीची सवय ज्यूंनाही लागली होती.

मग इस्रायलमध्ये काय झालं?

1948 साली इस्रायलची स्थापना झाली तेव्हा भारतात सुमारे 20 हजार बेने इस्रायल होते. त्यातले बहुतेक हळूहळू तिकडे गेले. तिथे त्यांच्यासमोर वेगळाच पेच उभा राहिला. ज्यू धर्मशास्त्रानुसार आई ज्यू असेल तर मूल ज्यू. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली की, बेने इस्रायल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. पूर्वजांमध्ये कुणी बिगर-ज्यू होतं का, हे त्यातून पाहायचं होतं.

थोडक्यात, गोऱ्यांनी काळ्यांना जो प्रश्न विचारला, तोच आता सगळ्या समाजाला विचारला जात होता.

समाज रस्त्यावर उतरला. आंदोलन पेटलं आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं. त्यानंतर धर्मपीठानेही सूचनेतून समाजाचं नाव वगळलं.

डीएनए काय म्हणतो?

2016 मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाचे संशोधक त्यात होते. त्यांनी 18 बेने इस्रायल व्यक्तींचा डीएनए भारतीय आणि इतर ज्यू समूहांशी ताडून पाहिला. त्यातून तीन गोष्टी दिसल्या:

- समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्हींचा मोठा वारसा आहे.
- हा संकर साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे 650 ते 1,050 वर्षांपूर्वीचा आहे.
- ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून, तर भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आला.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ही तारीख संकराची आहे, कोकणात येण्याची नाही. त्यामुळे जहाजाची कथा खरी की खोटी, हे यातून ठरत नाही. कोण ज्यू आणि कोण नाही, हेही डीएनए ठरवत नाही. धर्म स्वीकारता येतो, तो रक्तात मोजता येत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट होते. तपासलेल्या गटात हा मिश्र वारसा ठळकपणे दिसतो. म्हणजे ज्याला कलंक मानून 'काळे' वेगळे बसवले गेले, तो संकर एखाद-दुसऱ्या घराचा नसून समाजाच्या घडणीचाच भाग आहे.

आज किती जण उरलेत?

जनगणनेनुसार भारतात सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास ज्यू आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे 85 हजार ज्यू असून त्यात बेने इस्रायल सर्वाधिक आहेत. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. 2016 मध्येच महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

त्यामुळे 'इस्रायलचे की कोकणाचे?' या प्रश्नातला 'की' हा शब्दच चुकीचा आहे. उत्तर आहे, दोन्हीकडचे.