सांधेदाहावरील अल्पमात्रा किरणोपचार : एक ऐतिहासिक आढावा (वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. सोयाबीन, तूर व कापूस ही येथील प्रमुख पिके होत. निंदणीसारखी कामे दीर्घकाळ उकिडवे बसून करावी लागत असल्याने शेतकरी व शेतमजूर स्त्रियांच्या गुडघ्यांवर मोठा भार पडतो. सांधेदुखीवर किरणांचा उपचार करण्याची कल्पना शतकाहून जुनी आहे. तिच्या इतिहासातून अशा रुग्णांना कोणता बोध घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभ आणि इशारा :
१८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर तीनच वर्षांत, म्हणजे १८९८ मध्ये, क्ष-किरणांनी सांधेदुखी कमी होत असल्याचे वृत्त रशियातून प्रसिद्ध झाले. पुढे जर्मनीत ही पद्धती रूढ झाली व आजही तेथे ती वापरात आहे. ब्रिटनमध्ये मात्र तिला धक्का बसला. तेथे १९३५ ते १९५४ या काळात कण्याच्या दाहावर क्ष-किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचा कोर्ट ब्राऊन व डॉल यांनी अभ्यास केला. १९५७ व १९६५ मधील त्यांच्या अहवालांनुसार या रुग्णांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते. कण्यातील अस्थिमज्जेवर किरणांचा मारा झाल्याचा हा परिणाम होता. किरणे किती द्यावीत आणि कोठे द्यावीत, हे दोन प्रश्न तेव्हापासून या उपचाराच्या केंद्रस्थानी आले.

कूर्चापेशी आणि दाह :
कर्करोगासाठी बहुधा ५० ते ७० ग्रे इतकी मात्रा दिली जाते, तर सांधेदाहासाठी प्रत्येक वेळी ०.५ ते १ ग्रे याप्रमाणे एकूण ३ ते ६ ग्रे दिले जातात. एवढ्या मात्रेने श्वेतपेशींचे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटणे कमी होते, तसेच दाह वाढविणाऱ्या भक्षकपेशींतील नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. कूर्चेची गोष्ट निराळी आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि प्रौढ वयात कूर्चापेशींचे विभाजन क्वचितच होते. त्यामुळे त्या किरणांपुढे सहसा तग धरतात. तथापि २ ग्रे मात्रेनंतर त्यांची प्रोटिओग्लायकॅन तयार करण्याची क्षमता घटल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. सारांश, किरणे दाह शमवू शकतात. झिजलेली कूर्चा पुन्हा निर्माण करू शकत नाहीत.

महाराष्ट्रातील कार्य :
१९५२ मध्ये व्हिएन्ना येथे फेलिंगर व श्मिड यांनी किरणोत्सारी सोने थेट सांध्यात टोचून पाहिले. या मार्गाने बीटा किरणे सांध्याच्या दाहग्रस्त अस्तरापर्यंतच, म्हणजे काही मिलिमीटर अंतरात, कार्य करतात. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात याच दिशेने संशोधन झाले. १९५६ मध्ये ‘अप्सरा’ व १९८५ मध्ये ‘ध्रुव’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाल्याने किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. सुमारे ६.६५ दिवस अर्धायुष्य असलेले ल्युटेशियम-१७७ हे समस्थानिक हायड्रॉक्सीअपटाइटच्या कणांशी जोडण्याची पद्धती तेथील शास्त्रज्ञांनी विकसित केली. हे खनिज हाडांतील खनिजासारखेच असते. कणरूपामुळे औषध सांध्यातच राहते व शरीराच्या इतर भागांत फारसे पसरत नाही. ब्रिटनमधील अनुभवाने उपस्थित केलेल्या ‘कोठे’ या प्रश्नाचे हे एक उत्तर होय.

पुराव्याची स्थिती :
नेदरलँड्समधील २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत हाताच्या व गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातावर ६ ग्रे बाह्य किरणोपचाराचा, लटक्या उपचाराच्या तुलनेत, भरीव लाभ आढळला नाही. याउलट २०२५ मध्ये मांडलेल्या दक्षिण कोरियातील चाचणीत गुडघ्याच्या सौम्य ते मध्यम आजारात ३ ग्रे मात्रेने सुधारणा दिसली. त्यामुळे हा प्रश्न अद्याप निकाली निघालेला नाही.

समारोप :
या इतिहासावरून असे दिसते की, सांधा सुजलेला आहे की झिजलेला, हे ठरविणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. दाहाने सुजलेल्या आणि औषधांना न जुमानणाऱ्या सांध्यासाठी किरणोपचाराचा विचार होऊ शकतो. वर्षानुवर्षांच्या श्रमाने कूर्चा पूर्णपणे झिजलेल्या गुडघ्याला त्याची आशा दाखविणे मात्र योग्य ठरणार नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात महागड्या यंत्राआधी अचूक निदान, स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि उभ्याने निंदणी करता येईल अशी अवजारे यांची गरज अधिक आहे.