रॉड ब्रेक आणि जुन्या सायकलीची दुरुस्ती

विसाव्या शतकाचा बराचसा काळ महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सर्वसामान्य माणसाच्या हाती येणारी सायकल पुष्कळदा कोणाच्या तरी वापरातून उतरलेली, म्हणजे जुनी, असे. आणि अशी सायकल विकत घेतल्यावर ती आधी ओळखीच्या सायकलवाल्याकडे नेऊन तिचे टायर, छर्रे आणि ब्रेक पाहून घेणे हा खरेदीचाच एक भाग मानला जाई. या तिन्हींत ब्रेकचा इतिहास सर्वांत कमी लिहिला गेला आहे. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ ज्याचे राज्य होते तो रॉड ब्रेक, म्हणजे तारेऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढला जाणारा ब्रेक, ब्रिटनमध्ये मागे पडल्यावरही येथे अनेक दशके टिकून राहिला. या टिकावाचे श्रेय कारखान्यांपेक्षा रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या दुकानांना अधिक द्यावे लागते, कारण जुन्या सायकलीवरचा बिघडलेला ब्रेक थोडक्या हत्यारांनिशी पुन्हा कामाला लावणे ज्या रचनेत शक्य होते, तीच रचना गिऱ्हाइकाला परवडत होती.

सायकलीच्या आरंभीच्या काळात ब्रेक हा दुय्यम भाग होता. पायडल थेट चाकाला जोडलेले असल्याने पायांनी उलटा जोर देऊन वेग कमी करता येत असे आणि त्याला पूरक म्हणून पुढच्या टायरवर वरून दाबला जाणारा, चमच्याच्या आकाराचा धातूचा तुकडा पुरेसा समजला जाई. जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे ‘रोव्हर’ ही सारख्या चाकांची आणि साखळीने चालणारी सायकल तयार केली, तर १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. हवेच्या टायरमुळे बसणारे हादरे कमी झाले, पण टायरवर घासणारा चमचा त्याच टायरला झिजवू लागला. म्हणून दाब टायरवरून काढून चाकाच्या धातूच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, देण्याचा विचार पुढे आला. शतक संपता संपता फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक मोकळे फिरू देणारी रचना, रूढ झाली आणि पायांनी वेग आवरण्याची सोयच उरली नाही. हाताने चालणारे दोन स्वतंत्र ब्रेक खऱ्या अर्थाने आवश्यक ठरले ते येथपासून.

त्याच सुमारास दोन मार्ग खुले झाले. एक होता अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन याने १८९६ मध्ये पेटंट घेतलेल्या लवचिक केबलचा, ज्यात एका आवरणातून जाणारी तार ओढली जाते. दुसरा होता सळ्यांचा. रोजच्या वापराच्या जड, उभ्या बैठकीच्या सायकलींसाठी ब्रिटिश कारखानदारांनी बराच काळ दुसरा मार्ग पसंत केला. त्याची घडण अशी : हॅण्डलच्या मुठीखाली असलेली लांब दांडी दाबली की तिला जोडलेला उभा रॉड वर ओढला जातो, त्याच्या खालच्या टोकाला रिकिबीच्या आकाराचा लोखंडी भाग असतो, आणि त्या भागाच्या दोन्ही पायांवर बसवलेले रबराचे ठोकळे रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडे तोंड असलेल्या, बाजूवर आऱ्यांच्या दोहो अंगांना दाबले जातात. मागच्या ब्रेकचा प्रवास अधिक वळणाचा असतो. हॅण्डलपासून निघालेली ओढ सांगाड्याच्या पुढच्या भागाशी असलेल्या कोनाकृती तरफेवर दिशा बदलते, खालच्या नळीच्या कडेने जाणाऱ्या रॉडमधून पायडलच्या आसाजवळ येते, तेथे दुसऱ्या तरफेवर पुन्हा वळते आणि मागच्या चाकाच्या रिकिबीपर्यंत पोचते. प्रत्येक सांधा उघड्यावर असतो आणि डोळ्यांनी दिसतो. या रचनेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

भारतात या सायकली प्रथम आयात होऊन आल्या, मुख्यतः ब्रिटनमधून आणि १९३० च्या दशकात स्वस्त जपानी मालाच्या रूपानेही. डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकाराने ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या २०१३ च्या ग्रंथात भारतीय आधुनिकतेची घडण दाखवण्यासाठी शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या बरोबरीने सायकल निवडली, आणि ती निवड सार्थ आहे, कारण या वस्तू परदेशांतून आल्या तरी त्यांची देखभाल आरंभापासून येथल्याच हातांनी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तशी देशी उत्पादनाची वाढ झाली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपत येथे अ‍ॅटलस १९५१ मध्ये, आसनसोल येथे सेन-रॅले त्यापाठोपाठ, आणि लुधियानात हीरो १९५६ मध्ये सुरू झाली. या कारखान्यांनी ब्रिटिश नमुना जवळजवळ जसाच्या तसा उचलला. लुधियानाच्या लहान कारखान्यांतून सुटे भाग मोठ्या प्रमाणावर बनू लागले, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या सायकलींची मापे बहुतांशी जुळत असल्यामुळे एका सायकलीची रिकीब दुसरीला चालू लागली. जुन्या सायकलींच्या बाजाराला याहून मोठा आधार मिळणे शक्य नव्हते.

पुणे हे या व्यवहाराचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण ठरते. महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या, खडकीचा दारूगोळा कारखाना आणि शहराचा बराचसा सपाट विस्तार यांमुळे येथे सायकल एवढी रुळली की ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद पुण्याला कायमचे चिकटले. नगरपालिकेचा कर भरल्याची खूण म्हणून सायकलीला धातूचा बिल्ला लावावा लागे. पेठापेठांत तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती, आणि भाड्याच्या सायकली रोज वेगवेगळ्या हातांत जात असल्याने त्यांच्या ब्रेकची देखभाल हा त्या दुकानांच्या रोजच्या कामाचाच भाग असे. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सुटी चाके, हॅण्डले, तरफा आणि सळ्या मिळत. मोडीत निघालेल्या सायकलीचे अवयव येथून दुसऱ्या सायकलीत जाऊन पुन्हा रस्त्यावर येत.

जुन्या सायकलीचा ब्रेक का बिघडतो, याचा उलगडा केला तर मालकी बदलणे हेच बिघाडाचे एक कारण असल्याचे दिसते. नवा मालक उंच असला तर तो सीट आणि हॅण्डल वर घेतो. परंतु रॉड हॅण्डललाच जोडलेला असल्यामुळे हॅण्डल जेवढे वर जाते तेवढी रिकीबही वर ओढली जाते आणि रबर रिमला कायमचे चिकटून चाक जड होते. हॅण्डल खाली घेतले तर उलट घडते, दांडी मुठीपर्यंत दाबूनही रबर रिमपर्यंत पोचत नाही. मागच्या बाजूला साखळीचा हाच परिणाम होतो. सैल झालेली साखळी ताणण्यासाठी मागचे चाक खाचेत मागे सरकवले की त्याचा रिम रबरावर येऊन टेकतो, आणि साखळी दुरुस्त करून घेतलेल्या गिऱ्हाइकाला ब्रेक घासत असल्याची तक्रार घेऊन परत यावे लागते. जाणता कारागीर म्हणूनच हॅण्डल, साखळी आणि ब्रेक यांना वेगवेगळे मानत नसे.

यावरचा उपाय रचनेतच ठेवलेला आहे. उभा रॉड अखंड नसून एक सळई दुसऱ्या पोकळ नळीत सरकते आणि जोडावरचा बोल्ट आवळला की दोन्ही एकजीव होतात. कारागीर हा बोल्ट पान्याने सैल करतो, रबर आणि रिम यांत दोन-तीन मिलिमीटरचे अंतर राहील अशा बेताने रिकीब एका हाताने धरून ठेवतो, आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आवळतो. मग चाक उचलून फिरवतो आणि कान देऊन ऐकतो, कारण रिममध्ये कोठे उंचवटा असेल तर घासण्याचा आवाज दर फेऱ्याला त्याच जागी येतो. चाक आडवे डुलत असले तर रॉड ब्रेक ते बऱ्यापैकी सहन करतो, परंतु खड्ड्यात आदळून रिमला पोचा आला असेल तर ब्रेक जुळवण्याआधी तो ठोकून काढावाच लागतो. बोल्टचे आटे गेलेले असतील तर जोड भर उतारावर सरकण्याचा धोका असतो, म्हणून जुन्या सायकलीत हा एक बोल्ट बदलून टाकणे हे शहाणपणाचे मानले जाई.

रबर बसवण्यातही एक बारकावा आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. रबराचा ठोकळा ज्या पत्र्याच्या खोबणीत सरकवतात तिचे एक तोंड उघडे आणि एक बंद असते. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेचे तोंड बंद असले पाहिजे, कारण ब्रेक दाबताच फिरता रिम रबराला आपल्याबरोबर ओढू पाहतो. खोबणी उलटी बसली तर पहिल्याच जोराच्या दाबाला रबर निसटून रस्त्यावर पडते. बाजारचे रबर परवडत नसेल तेथे टाकाऊ टायरचा तुकडा कापूनही काम भागवले जाई. तरफांच्या खिळ्यांची भोके वर्षानुवर्षांच्या वापराने लांबट होत आणि दाबलेल्या जोरातला मोठा वाटा त्या ढिलाईतच वाया जाई. तेव्हा खिळा बदलून किंवा त्याभोवती पत्र्याची बारीक पट्टी गुंडाळून सांधा घट्ट करत. वाकलेली सळई ऐरणीवर सरळ होई, हरवलेल्या स्प्रिंगच्या जागी मोडीतली स्प्रिंग येई, आणि रिमवर सांडलेले तेल रॉकेलच्या फडक्याने पुसले जाई. या साऱ्या कामांना पाना, पक्कड, हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर एवढी सामग्री पुरत असे. शिकाऊ मुले हे काम पाहून पाहून शिकली. त्यांच्यासाठी पुस्तक नव्हते, पण बिघाडाचे निदान करण्याची एक पक्की शिस्त या व्यवसायात होती आणि तिची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात व्हायला हवी.

या ब्रेकचे दोष झाकण्याचे कारण नाही. ओल्या पोलादी रिमवर रबराची पकड फारच कमी होते; पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत चाकाचे काही फेरे तसेच जातात, आणि पुण्या-मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात ही त्रुटी गंभीर होती. अशा वेळी चालवणारा आधीपासून वेग कमी ठेवी, हलका दाब देऊन रिम कोरडा करून घेई, आणि मोठा उतार आला की खाली उतरून सायकल हातात धरून चाले. सायकलीचे वजन आणि तिच्यावरचा दुधाच्या किटल्यांचा किंवा डबलसीटचा भार लक्षात घेतला तर हा ब्रेक त्याच्या ताकदीच्या सीमेवरच काम करत होता असे म्हणावे लागते.

१९६० च्या दशकात आकुर्डीत बजाजच्या स्कूटरींचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत ज्या मध्यमवर्गाने पुण्याला सायकलींचे शहर केले होते तोच सायकलीवरून उतरला. सायकल उद्योगातही केबलने चालणारे, रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे ब्रेक मुलांच्या आणि तरुणांच्या सायकलींवर सर्रास आले. ते हलके आणि स्वस्त आहेत, हॅण्डल वर-खाली केले तरी बिघडत नाहीत. परंतु आवरणाच्या आत गंजलेली तार बाहेरून दिसत नाही, आणि तुटू लागलेल्या तारेला दुरुस्ती नसते, ती बदलावीच लागते. चाक आडवे डुलत असेल तर हे ब्रेक एका बाजूला घासतात, त्यामुळे ब्रेकच्या तक्रारीत चाकाचा ‘आउट’ काढणे, म्हणजे आरे कमी-जास्त ताणून चाक सरळ करणे, हे काम वाढले. अलीकडच्या डिस्क ब्रेकमध्ये, म्हणजे हबवरच्या तबकडीला धरणाऱ्या ब्रेकमध्ये, घासपट्ट्यांचे आकार रचनेगणिक बदलतात, आणि एका सायकलीचा भाग दुसरीला चालण्याची जुनी सोय तेथे मोडते.

रॉड ब्रेकची सायकल त्यानंतरही दूधवाले, शेतमजूर, पहारेकरी आणि फेरीवाले यांच्याकडे राहिली. अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तरी रॉड ब्रेकच्या रबरांची जोडी तालुक्याच्या सायकल दुकानात अजून मिळते. पुण्यात कर्वेनगर येथील सायकल संग्रहालयात जुन्या सायकली जतन केल्या आहेत. तरीही या ब्रेकची दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या कारागिरांची हत्यारे, त्यांच्या कामाच्या पद्धती आणि बिघाड ओळखण्याच्या खुणा यांची पद्धतशीर नोंद ते कारागीर हयात असतानाच करणे शक्य आहे, आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी हे काम प्राधान्याने हाती घेण्याजोगे आहे.